अमेरिकेत डिझेलच्या प्रवासी मोटारी परत येतील का?

मिसूरीकर

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, डिझेल वाहनांचा धूर स्वच्छ करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या युरियाच्या द्रावाशी निगडित निर्बंध सैल करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याआधी जुलैमध्ये, आपल्या सर्व गाड्यांच्या सरासरी मायलेजचे बंधन न पाळणाऱ्या कंपन्यांवरचा दंड शून्यावर आणणारा कायदा झाला आणि सप्टेंबरअखेर विजेच्या मोटारींवरची केंद्रीय करसवलतही संपली. हे तिन्ही बदल एकत्र पाहिले, तर या देशात डिझेल मोटारींचे दिवस पालटण्याची शक्यता आहे असे मला वाटते, आणि त्यावर जाणकारांचे मत घ्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

मी सेंट लुईसला राहतो आणि कामानिमित्त कॅन्सस सिटी, ओमाहा, क्वचित डेन्व्हरपर्यंत गाडीनेच जातो. सपाट महामार्गावर एकाच वेगाने तासन् तास चालण्याचे काम डिझेल इंजिनाइतके चांगले दुसरे कोणतेही इंजिन करत नाही, असा माझा अनुभव आहे. फोक्सवॅगनची पसाट डिझेल एका टाकीत ७९५ मैल जाते असे तिच्या जाहिरातीत सांगितले जाई, आणि महामार्गावर संयमाने चालवणाऱ्यांना तो आकडा अशक्य वाटत नसे. युरोपात २०११ च्या सुमारास विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. इथे मात्र आज नवी डिझेल सेदान किंवा हॅचबॅक घ्यायची म्हटले तर एकही मिळत नाही. जे आहे ते पिकअप ट्रकमध्ये आणि टाहो, सबर्बनसारख्या अवाढव्य गाड्यांत.

इतकी मोठी अंतरे असलेल्या देशात डिझेल मोटार का रुजली नाही, आणि आता नियम सैल होत असताना ती रुजेल का?

जुनीगाडी

मी सत्तरच्या दशकात डेट्रॉईटला आलो, त्यामुळे या प्रश्नाचा आरंभ मी जवळून पाहिला आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर १९७५ मध्ये सरासरी मायलेजचा कायदा झाला आणि १९७८ च्या मॉडेलांपासून तो लागू झाला. मोठ्या गाड्या विकायच्या आणि सरासरीही राखायची, तर डिझेल हा हाताशी असलेला उपाय होता. मर्सिडीजने १९७८ मध्ये ३००एसडी ही टर्बोडिझेल मोटार याच कारणासाठी उत्तर अमेरिकेपुरती आणली, आणि टर्बोडिझेल इंजिन असलेली ती जगातली पहिली उत्पादित प्रवासी मोटार ठरली. फोक्सवॅगनची रॅबिट डिझेल त्याआधीच आली होती. १९८१ मध्ये इथे विकल्या गेलेल्या मोटारींत डिझेलचा वाटा सुमारे सहा टक्क्यांपर्यंत पोहोचला, आणि त्याच्या पुढे तो पुन्हा कधीही गेला नाही.

पण त्या सहा टक्क्यांतील मोठा हिस्सा ओल्ड्समोबिलच्या ५.७ लिटर व्ही-८ इंजिनाचा होता, आणि घात तिथेच झाला. ते पेट्रोल इंजिनच डिझेलवर चालवले होते असे लोक अजूनही म्हणतात, परंतु ते तितकेसे खरे नाही, कारण त्याचा ब्लॉक वेगळा आणि अधिक भक्कम होता. जुनी यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून हेडच्या बोल्टांची मांडणी आणि संख्या मात्र पेट्रोल इंजिनाचीच ठेवली गेली. डिझेलचे कॉम्प्रेशन कितीतरी जास्त असते. ते बोल्ट ताणले जात, गॅस्केट फुटे, कूलंट सिलिंडरमध्ये शिरे आणि पाणी दाबले जात नसल्यामुळे इंजिन कायमचे निकामी होई. त्यात भर म्हणजे इंधनातील पाणी वेगळे करणारा सेपरेटर बसवलेला नव्हता आणि त्या काळी पंपावरच्या डिझेलमध्ये पाणी सर्रास सापडे. माझ्या शेजारच्या गॅरेजमध्ये अशी हेड उतरवलेली इंजिने रांगेने पडलेली असत. १९८५ नंतर ते इंजिन बंद झाले, पण डिझेल म्हणजे काळा धूर, खडखडाट आणि ऐन थंडीत सुरू न होणारी गाडी हे समीकरण एका संपूर्ण पिढीच्या मनात पक्के बसले.

काठावर

जुनीगाडी काका, तुमच्या नावाला साजेसा प्रतिसाद! वाचनखूण साठवली आहे.

माझा एक प्रश्न आहे. एका इंजिनाने लोकांचा विश्वास उडाला हे मान्य केले, तरी त्यानंतर युरोपातील उत्तम डिझेल इंजिने इथे का आणली गेली नाहीत? तीच इंजिने तिकडे लाखोंनी विकली जात होती.

यंत्रवेडा

काठावर, तुमच्या प्रश्नाचे उत्तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांत, म्हणजे नॉक्समध्ये आहे. मी मिशिगनमध्ये उत्सर्जनाच्या कॅलिब्रेशनचे काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण नेमके राखलेले असते, त्यामुळे धुरात जवळपास ऑक्सिजन उरत नाही आणि तीन-मार्गी कॅटॅलिस्ट कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नॉक्स या तिघांचाही एकाच डब्यात बंदोबस्त करतो. डिझेल इंजिन मात्र नेहमीच गरजेपेक्षा जास्त हवेत जळते. त्याची कार्यक्षमता ज्या कारणांमुळे वाढते त्यांपैकी हे एक, पण त्याच जादा ऑक्सिजनमुळे कॅटॅलिस्टला नॉक्स फोडता येत नाही. मग एक तर नॉक्स साठवून ठेवणारा सापळा लावायचा आणि ठरावीक काळाने जादा इंधन जाळून तो रिकामा करायचा, किंवा धुरात युरियाचा द्राव फवारून त्यापासून होणाऱ्या अमोनियाने नॉक्सचे नायट्रोजन आणि पाणी करायचे. काजळीसाठी पार्टिक्युलेट फिल्टर लागतो तो वेगळाच.

आता नियम पाहा. २००९ पर्यंत टप्प्याटप्प्याने पूर्ण लागू झालेल्या अमेरिकेच्या टियर २ नियमांत ज्या पायरीवर बहुतेक गाड्या बसवाव्या लागत, तिची नॉक्सची मर्यादा दर मैलाला ०.०७ ग्रॅम होती, आणि इंधन कोणते का असेना, मर्यादा तीच. त्याच सुमारास युरोपात लागू झालेल्या युरो ५ मध्ये डिझेलला दर किलोमीटरला ०.१८ ग्रॅमची मुभा होती. मैलाचे किलोमीटर करून पाहिले तर युरोपची मर्यादा सुमारे चौपट ढिली ठरते. युरोपने कर्बवायू कमी व्हावा म्हणून डिझेलला झुकते माप दिले, तर अमेरिकेने शहरांतल्या हवेचा विचार आधी केला. त्यामुळे तिकडे चालणारे इंजिन इकडे जसेच्या तसे आणता येत नव्हते, आणि आणण्याजोगे करायचे तर त्यावर बराच खर्च होता. शिवाय या उपकरणांना गंधक चालत नाही, आणि केवळ १५ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत १५ भाग, गंधक असलेले डिझेल इथल्या पंपांवर २००६ पासून मिळू लागले. त्याआधी ही मर्यादा ५०० पीपीएम होती.

फोक्सवॅगनची डिझेल मोटार जेट्टा टीडीआय २००९ चे मॉडेल म्हणून आली तेव्हा तिच्यात युरिया नव्हता, मायलेज उत्तम होते, किंमत आवाक्यात होती आणि तिला केंद्र सरकारची १,३०० डॉलरची करसवलतही मिळाली. आमच्या क्षेत्रातील अनेकांना हे साधले कसे याचे कुतूहल होते. उत्तर २०१५ मध्ये मिळाले.

सुमेधा_ओहायो

त्या उत्तरातील एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. फोक्सवॅगनने उत्सर्जनाच्या चाचणीत केलेली फसवणूक सरकारी प्रयोगशाळेत नव्हे, तर वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या गटाच्या कामातून उघड झाली. त्यांना स्वच्छ वाहतुकीवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेने काम दिले होते, आणि अमेरिकेतील डिझेल मोटारी रस्त्यावरही स्वच्छ चालतात हे दाखवून युरोपला धडा द्यावा असा मूळ हेतू होता. अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पण्णा हे भारतीय संशोधक त्या गटात होते. धूर मोजणारी उपकरणे आणि त्यांना वीज पुरवणारा जनरेटर गाडीच्या मागच्या भागात लादून त्यांनी पसाट लॉस अँजेलिसहून सिअॅटलपर्यंत नेली आणि परत आणली. जेट्टाचा नॉक्स मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसाटचा ५ ते २० पट निघाला. चाचणी चालू आहे हे गाडीच्या संगणकाला ओळखता येत होते आणि तेवढ्यापुरती यंत्रणा नीट काम करत होती.

१८ सप्टेंबर २०१५ रोजी ईपीएने नोटीस जाहीर केली. जगभरातील १ कोटी १० लाख गाड्यांत ते सॉफ्टवेअर असल्याचे पुढे कबूल झाले. २०१६ मध्ये इथे १४.७ अब्ज डॉलरची तडजोड झाली आणि कंपनीला लाखो गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. मिशिगनमधील पॉन्टिअॅक सिल्व्हरडोम या जुन्या स्टेडियमच्या आवारात आणि कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिलच्या वाळवंटी विमानतळावर उभ्या केलेल्या त्या गाड्यांची छायाचित्रे अनेकांनी पाहिली असतील.

मिसूरीकर

सुमेधा, हे सगळे मान्य आहे, पण एका कंपनीच्या लबाडीची शिक्षा संपूर्ण तंत्रज्ञानाला का द्यायची? त्याच विद्यापीठाने तिसरी गाडी म्हणून युरियाची यंत्रणा असलेली बीएमडब्ल्यू एक्स-५ तपासली होती आणि ती बहुतांशी मर्यादेत होती. म्हणजे प्रामाणिकपणे केले तर स्वच्छ डिझेल शक्य आहे.

यंत्रवेडा

शक्य आहे, यात शंकाच नाही. मी रोज तेच काम करतो. पण ती यंत्रणा महाग आहे, जागा खाते, आणि लहान गाडीच्या किमतीत तिचा भार सोसत नाही. साठ हजार डॉलरच्या गाडीत तो खर्च मुरतो, बावीस हजारांच्या गाडीत तो डोळ्यांत भरतो.

आणि दोष एकाच कंपनीचा होता हेही पुढे टिकले नाही. फियाट क्रायस्लरने रॅम आणि ग्रँड चेरोकीच्या सुमारे एक लाख डिझेल गाड्यांवरून २०१९ मध्ये तडजोड केली आणि २०२२ मध्ये फौजदारी गुन्हा कबूल केला. मर्सिडीजच्या मूळ कंपनीने २०२० मध्ये सुमारे अडीच लाख गाड्यांसाठी दीड अब्ज डॉलर मोजले. इंजिने बनवणाऱ्या कमिन्सने रॅमच्या अवजड पिकअपांतील इंजिनांवरून १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केला. एवढे झाल्यावर कोणत्या कंपनीचे संचालक मंडळ नव्या डिझेल सेदानच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला परवानगी देईल?

अनुजा_फ्रेस्नो

या चर्चेत नॉक्स हा एक आकडा म्हणून येतो आहे, म्हणून मी थोडे वेगळ्या बाजूने लिहिते. मी कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात श्वसनविकारांची डॉक्टर आहे.

आमचे खोरे तिन्ही बाजूंनी डोंगरांनी वेढलेले आहे. हिवाळ्यात थंड हवा तळाशी अडकते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. वाहनांचा नॉक्स आणि दुग्धशाळांतील जनावरांच्या मलमूत्रातून येणारा अमोनिया यांच्या संयोगातून अमोनियम नायट्रेटचे सूक्ष्म कण तयार होतात आणि आठवडाभर धुक्यात तरंगत राहतात. उन्हाळ्यात त्याच नॉक्सपासून सूर्यप्रकाशात ओझोन होतो. देशातील सर्वांत वाईट हवेच्या शहरांत आमच्या फ्रेस्नो आणि बेकर्सफिल्डची नावे वर्षानुवर्षे येत आली आहेत. दवाखान्यात दम्याची मुले येतात तेव्हा इनहेलर शाळेच्या दप्तरात ठेवायचा की खिशात, यावर आईशी बोलणे हा माझ्या कामाचा नेहमीचा भाग आहे. खिशात ठेवायचा, कारण झटका आला की दप्तरापर्यंत पोहोचायला वेळ नसतो.

लॉस अँजेलिसचा धूर हा सूर्यप्रकाशात घडणाऱ्या रासायनिक क्रियांमुळे होतो हे हागेन-स्मिट या शास्त्रज्ञांनी पन्नासच्या दशकात दाखवून दिले, आणि पुढे १९६७ मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. अमेरिकेचे नॉक्सविषयक नियम कडक आहेत त्यामागे हा इतिहास आहे. मिसूरीकर, तुम्हाला तो नियम आडमुठा वाटू शकतो, कारण सेंट लुईस ते ओमाहा या मोकळ्या माळावर वारा सगळे वाहून नेतो. आमच्याकडे ते राहते आणि लोकांच्या फुप्फुसांत जाते. हे नियम सैल होण्याची वाट पाहणे मला तरी शक्य नाही.

मिसूरीकर

अनुजाताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नियम काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. नियमांत बसणारी चांगली डिझेल गाडी मिळावी, एवढीच इच्छा आहे.

सुमेधा_ओहायो

ती मिळाली तरी ती घेणे परवडेल का, हेही पाहायला हवे. केंद्र सरकारचा कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट आहे, आणि हे दर १९९३ पासून तसेच आहेत. युरोपातील बहुतेक देशांत नेमके उलट होते, डिझेलवर कर कमी होता, म्हणून तिथे लोक वळले. त्याशिवाय अमेरिकेतील तेलशुद्धीकरण कारखाने पेट्रोल जास्तीत जास्त निघावे अशा बेताने उभारलेले आहेत. ट्रक, रेल्वे, शेती आणि निर्यात या सर्वांना डिझेल पुरवायचे असते, त्यामुळे गेली वीस वर्षे ते बहुतेक काळ साध्या पेट्रोलपेक्षा महाग राहिले आहे. जून २०२२ मध्ये तर देशाची सरासरी गॅलनला ५ डॉलर ८० सेंटच्या आसपास गेली होती.

एक हिशेब मांडते. डिझेल मोटार ४० मैल प्रतिगॅलन देते आणि हायब्रिड ५० देते असे धरा. डिझेल ३ डॉलर ७० सेंट आणि पेट्रोल ३ डॉलर १० सेंट धरा. वर्षाला १५,००० मैल चालवले तर डिझेलचा खर्च सुमारे १,३९० डॉलर आणि हायब्रिडचा ९३० डॉलर होतो. हायब्रिडचे ५० हे काही फुगवलेले नाही. २०२५ पासून कॅमरी केवळ हायब्रिड मिळते आणि तिचे अधिकृत एकत्रित मायलेज ५१ पर्यंत आहे. प्रियसचे ५७ पर्यंत आहे.

कर्बवायूच्या बाबतीतही डिझेलची बाजू लोक समजतात तितकी भक्कम नाही. एक गॅलन पेट्रोल जळले की ८.८९ किलो कर्बवायू होतो, डिझेलमध्ये १०.१८ किलो. म्हणजे ४० मैल देणारी डिझेल गाडी आणि ३५ मैल देणारी पेट्रोल गाडी हवेत सारखाच कर्बवायू सोडतात.

डोंगरवाट

सुमेधा यांचा हिशेब शहरातील मोटारीसाठी बरोबर आहे, पण ओझे ओढणाऱ्यांसाठी तो लागू पडत नाही. मी कोलोरॅडोत असतो आणि माझ्याकडे सहा सिलिंडरांचे ३ लिटर डिझेल इंजिन असलेला पिकअप आहे. मागे घोड्यांचा ट्रेलर लावून आयझेनहॉवर बोगद्याच्या चढाला लागलो की हायब्रिडची बॅटरी किती वेळ साथ देईल? या इंजिनाचा ४९५ पौंड-फूट टॉर्क कमी फेऱ्यांवरच मिळतो, त्यामुळे ते चढावर ओरडत नाही, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेक असल्याने ब्रेकांवरचा ताण वाचतो. ट्रेलर नसताना महामार्गावर तेच वाहन एखाद्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीइतके मायलेज देते.

दोष नाहीत असे नाही. या इंजिनाच्या पहिल्या आवृत्तीत तेलपंप चालवणारा पट्टा इंजिनाच्या मागच्या बाजूस आहे, आणि दीड लाख मैलांवर तो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. तरीही अमेरिकेतील डिझेलची खरी जागा मला इथेच दिसते.

थंडगार

मिनेसोटाहून एक अनुभव सांगतो. माझ्याकडे पूर्वी एक डिझेल एसयूव्ही होती, कंपनीचे नाव घेत नाही. युरियाचा द्राव उणे ११ अंशांना गोठतो, म्हणून टाकीत हीटर असतो. जानेवारीच्या ऐन थंडीत तो हीटर बिघडला आणि गाडीच्या पडद्यावर उलटी मोजणी सुरू झाली, की अमुक इतके मैल उरले आहेत, त्यानंतर इंजिन सुरू होणार नाही. इंजिनात काहीही बिघाड नव्हता. भाग मागवलेला, तो येईना, आणि दर फेरीला तो आकडा खाली खाली येत होता. मुलीला शाळेतून आणायचे आणि पडद्यावरचे मैल मोजायचे, असे दिवस काढले. शेवटी भाड्याची गाडी घ्यावी लागली.

इंधनाचेही तसेच. आमच्याकडे हिवाळ्यात पंपवाले क्रमांक २ च्या डिझेलमध्ये क्रमांक १ मिसळतात, नाही तर मेण धरून फिल्टर चोंदतो. दक्षिणेकडून टाकी भरून आलेला पाहुणा सकाळी गाडी सुरू करू शकत नाही. ट्रकथांब्यावरच्या जलद पंपाची नळी मोटारीच्या तोंडात शिरत नाही, त्यामुळे इथे डिझेल मिळते एवढे कळून भागत नाही, लहान नळीचा पंप आहे का हेही पाहावे लागते. दुसऱ्या गॅस स्टेशनवर तो असला तर बऱ्याचदा कोपऱ्यात, आणि त्याच्या मुठीवर डिझेलचा तेलकट थर असतो. हातमोजे काढले तर बोटे गारठतात आणि घातले तर त्यांना आठवडाभर वास येतो. प्रेम असले तरच माणूस हे सहन करतो.

चाकणकर

भारतातील अनुभव इथे उपयोगी पडावा. आपल्याकडे डिझेल मोटारी वाढल्या त्या मुख्यतः किमतीतील तफावतीमुळे. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलची किंमत नियंत्रणमुक्त झाली आणि तफावत आटली. पुढे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर नॉक्सची मर्यादा किलोमीटरला २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली, आणि मारुतीने डिझेल मोटारी बनवणेच थांबवले. रांजणगावच्या कारखान्यात होणारे १.३ लिटरचे ते प्रसिद्ध फियाट इंजिन, जे स्विफ्टपासून इंडिकापर्यंत कितीतरी गाड्यांत होते, त्याच वेळी इतिहासजमा झाले. मोठ्या एसयूव्हींत मात्र डिझेल टिकून आहे. म्हणजे यंत्रवेडा म्हणतात तेच, लहान गाडीला हा खर्च पेलत नाही.

आणखी एक आठवण करून देतो. महिंद्राने २००६ पासून अमेरिकेत डिझेल पिकअप विकण्याचा घाट घातला होता. जॉर्जिया राज्यातील एका वितरकाशी करार झाला, तारखा पुढे पुढे गेल्या, २०१० मध्ये ईपीएचे प्रमाणपत्रही मिळाले, पण वितरकाशी वाद होऊन ती गाडी कधीच बाजारात आली नाही.

काठावर

मग मिशिगनमध्ये जी महिंद्राची जीपसारखी डिझेल गाडी बनत होती, ती कोणती?

चाकणकर

ती रॉक्सॉर, ऑबर्न हिल्सला जुळवली जाणारी. ती शेतावर आणि रस्त्याबाहेर वापरण्यापुरती होती, तिला प्रवासी मोटारीचे नियम लागू नव्हते. रस्त्यावर आणायची असती तर तिला याच सगळ्या दिव्यातून जावे लागले असते.

यंत्रवेडा

मिसूरीकरांच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्यांनी उल्लेखिलेल्या तिन्ही बदलांवर अजून कोणी नीट लिहिलेले नाही.

ऑगस्टमधील सूचना प्रामुख्याने ट्रक आणि शेतीच्या यंत्रांसाठी आहे. युरिया संपला किंवा त्याच्या यंत्रणेत बिघाड झाला की वाहनाची शक्ती एकदम तोडली जाऊ नये, चालकाला दुरुस्तीसाठी अधिक अवधी मिळावा, असा तिचा आशय आहे. थंडगार यांच्यासारखा अनुभव पाहता ही मागणी मला रास्त वाटते. पण युरियाची यंत्रणाच नको असे तिच्यात कुठेही म्हटलेले नाही, आणि नॉक्सची मर्यादा तिच्यामुळे बदललेली नाही. उलट टियर ३ नियमांनी ती आणखी आवळली आहे. हायड्रोकार्बन आणि नॉक्स मिळून ताफ्याची सरासरी २०२५ पर्यंत मैलाला ३० मिलिग्रॅमवर आणायची होती.

मायलेजच्या दंडाचे मात्र वेगळे आहे, आणि इथे मिसूरीकरांचा तर्क मला उलटा वाटतो. जुनीगाडी काकांनी लिहिल्याप्रमाणे १९७८ मध्ये डिझेल आले ते मायलेजच्या कायद्यामुळे. २०१२ नंतर ते पुन्हा बहरू लागले तेही मायलेजचे नियम कडक होत होते म्हणून. डिझेलला जे जड जाते ते नॉक्स आणि काजळीचे नियम, आणि डिझेलच्या पथ्यावर पडते ते मायलेजचे बंधन. आता सैल झाले आहे ते दुसरे, पहिले जागच्या जागी आहे. मायलेज कमी पडल्याबद्दल दंडच होणार नसेल, तर कंपनीला महागडे डिझेल इंजिन बसवण्याचे कारणच उरत नाही. ती साधे पेट्रोल व्ही-८ बसवील आणि मोकळी होईल. रॅम १५०० चे डिझेल २०२३ मध्ये बंद झाले, रँग्लरचेही बंद झाले, आणि २०२५ मध्ये नियम सैल होत असतानाच रॅममध्ये परत आले ते पेट्रोलचे हेमी व्ही-८. कंपन्या कोणत्या दिशेने जात आहेत हे त्यावरून दिसते.

माझदाचे उदाहरणही लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्यांनी वर्षानुवर्षे आश्वासन देऊन अखेर २०१९ मध्ये सीएक्स-५ डिझेल आणली. महामार्गावर तिचे अधिकृत मायलेज ३० होते, म्हणजे त्यांच्याच साध्या पेट्रोल गाडीइतकेच, आणि किंमत ४२ हजार डॉलरच्या घरात. इथले नियम पाळता पाळता डिझेलचा जो मुख्य लाभ, तोच नाहीसा झाला. थोड्याच काळात ती मागे घेतली गेली. दुसरीकडे टोयोटाच्या हायब्रिडमधील पेट्रोल इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता ४१ टक्क्यांपर्यंत गेली आहे, म्हणजे मोटारींतील चांगल्या डिझेल इंजिनाला ते जवळजवळ गाठते, आणि नॉक्ससाठी त्याला तोच जुना, स्वस्त तीन-मार्गी कॅटॅलिस्ट पुरतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे, की नवी डिझेल सेदान किंवा हॅचबॅक अमेरिकेत येणार नाही. पिकअप आणि मोठ्या एसयूव्हींत डिझेल बरीच वर्षे टिकेल, कारण ओझे ओढणारा ग्राहक त्याची किंमत मोजायला तयार आहे.

मिसूरीकर

यंत्रवेडा, मायलेजचे बंधन डिझेलच्या बाजूचे होते हा मुद्दा पटला. तरीही महामार्गावरील सलग प्रवासात डिझेलइतके समाधान मला हायब्रिडमध्ये मिळालेले नाही, हे माझे मत कायम आहे. आणखी एक विचारतो, वनस्पतिजन्य आणि टाकाऊ तेलांपासून होणाऱ्या नव्या डिझेलमुळे काही फरक पडेल का?

अनुजा_फ्रेस्नो

त्याचे उत्तर आमच्या राज्यात दिसते. कॅलिफोर्नियात जळणाऱ्या डिझेलपैकी निम्म्याहून अधिक आता जैविक मूळ असलेले आहे, आणि ते साध्या डिझेल इंजिनात काहीही न बदलता चालते. कर्बवायूच्या हिशेबात त्याचा लाभ मोठा आहे आणि जुन्या इंजिनांत काजळीही कमी होते. नॉक्स मात्र जळताना हवेतील नायट्रोजनपासून होतो, त्यामुळे इंधन बदलून तो प्रश्न सुटत नाही, धुरावरची यंत्रणा लागतेच. आणि हे इंधन मर्यादित आहे. ते आधी ज्यांना दुसरा पर्याय नाही अशा ट्रक, ट्रॅक्टर आणि रेल्वे इंजिनांना मिळावे असे मला वाटते.

डोंगरवाट

मिसूरीकर, तुम्हाला डिझेलच हवे असेल तर माझा सल्ला असा. नवी मोटार येण्याची वाट पाहू नका. शेवटच्या काळातील शेव्हरोले क्रूझ डिझेल, म्हणजे २०१७ ते २०१९ ची १.६ लिटरची गाडी, जुन्या बाजारात अजून सापडते, आणि तिच्या मॅन्युअल आवृत्तीचे महामार्गावरील अधिकृत मायलेज ५२ आहे. बीएमडब्ल्यू ३२८डी दुसरा पर्याय. कोणतीही घेतलीत तरी आधी तीन गोष्टी तपासून घ्या. पार्टिक्युलेट फिल्टर आणि युरियाची यंत्रणा जागेवर आहे ना, कोणी कापून टाकलेली नाही ना, हे गाडी वर उचलून स्वतः पाहा. उत्सर्जनाच्या भागांवरची वाढीव हमी उरली आहे का, ते गाडीच्या क्रमांकावरून डीलरला विचारा. आणि आधीचा मालक केवळ शहरात जवळच्या जवळ फिरत होता का ते काढून घ्या, कारण तशा गाडीचा फिल्टर साचलेली काजळी जळून जाण्याइतका कधी तापलेला नसतो आणि त्याचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो. तुमच्यासारखा माणूस आठवड्याला एकदा कॅन्सस सिटी गाठणार असेल, तर ती अडचण तुम्हाला पुढे येणार नाही.

मिसूरीकर

आभारी आहे. इथल्या मिसूरीतील कोलंबियामध्ये एक २०१८ ची मॅन्युअल क्रूझ विक्रीला आहे, शनिवारी पाहायला जातो. तिथल्या गॅरेजमध्ये लिफ्ट मिळेल का, ते आजच फोन करून विचारतो.